आधी पाणी, मग बाण: जुन्या लढाईचं माहितीचित्र कसं करावं

कळव्याच्या पुलावरून ठाण्यात उतरलं की थोड्याच वेळात मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत लागते. रोज हजारो माणसं तिच्यासमोरून जातात. ही भिंत ठाण्याच्या किल्ल्याची आहे. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. बांधकाम पुरं होण्याआधीच, १७३७ च्या मार्चअखेरीस, चिमाजी अप्पांच्या फौजा खाडी ओलांडून साष्टीत, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे तिथे, उतरल्या आणि किल्ला मराठ्यांकडे आला. पुढच्याच वर्षी तो परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु मारला गेला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला.

लढायांची माहितीचित्रं करायला शिकायचं असेल, तर ठाणे आणि नवी मुंबईतल्या माणसाने पानिपतापासून सुरुवात करू नये. आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करावी, कारण इथे चूक झाली तर चालत जाऊन तपासता येते. हा लेख तसाच लिहिलाय. वर्तमानपत्राच्या ग्राफिक डेस्कवर अनेक वर्षं काम करताना जी पद्धत बसत गेली, ती ‘ठाणे, १७३७’ हे एकच चित्र धरून पायरीपायरीने सांगतो. गरज पडेल तिथे १७३९ च्या वसईची, म्हणजे मराठ्यांनी पोर्तुगिजांच्या वसई किल्ल्याला घातलेल्या वेढ्याची, मदत घेऊ.

त्याआधी एक चूक सांगायला हवी, कारण ही पद्धत तिच्यातूनच सुरू झाली. ठाण्याच्या लढाईचं माझं पहिलं चित्र मी आजच्या उपग्रहनकाशावर काढलं होतं. कळव्याकडून एक जाड भगवा बाण थेट किल्ल्यात घुसवला होता. पान देखणं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी चेंदणी कोळीवाड्यातून एका वयस्क वाचकाचा फोन आला. म्हणाले, “दादा, तुमचा बाण जिथून सुटतोय ना, तिथं तवा जमीनच नव्हती. खाजण होतं. भरतीला माणूस बुडंल आणि ओहोटीला मांडीपर्यंत चिखलात रुतंल. मग तुमचं सैन्य उभं कुठं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला खाडीकाठी नेलं आणि पाणी उतरताना दाखवलं. तासाभरात पाण्याखालून काळा, चकचकीत गाळ वर आला. त्यात काठी खुपसली तर ती अर्धी आत गेली. माझ्या नकाशावर तिथे सपाट फिकट करडा रंग होता.

पायरी पहिली: विषय नव्हे, प्रश्न लिहा

‘ठाण्याची लढाई’ हा विषय झाला. विषयावर चित्र काढायला बसलात की सगळंच आत येतं: किल्ला, सरदारांची चित्रं, तारखा, तोफा. शेवटी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून कागदावर एक प्रश्न लिहा: ‘खाडीपलीकडचं सैन्य अर्धवट बांधलेल्या किल्ल्यापर्यंत कसं पोहोचलं?’ आता काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे हा प्रश्न ठरवेल. तुमच्या मनात ‘किती माणसं पडली?’ हा प्रश्न असेल तर नकाशा कशाला हवा, आलेख पुरे. ‘वसईचा बुरूज सुरुंगाने कसा पाडला?’ असं विचारायचं असेल तर जमीन उभी कापून दाखवणारा छेद हवा, तिथे वरून पाहिलेला नकाशा निरुपयोगी आहे.

प्रश्न आणि आकार यांची गाठ कशी पडते हे पाहायला शार्ल जोसेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ चा तक्ता नीट बघा. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचं ते चित्र आहे. मिनारचा प्रश्न एकच होता: सैन्य कुठे, किती आटलं? म्हणून त्याने सैन्याचा पट्टाच काढला आणि पट्ट्याची रुंदी माणसांच्या संख्येला बांधली, १ मिलिमीटरला १०,००० माणसं. नीमन नदीवर ४,२२,००० माणसं, म्हणजे ४ सेंटिमीटरहून रुंद पट्टा. मॉस्कोत १,००,०००. परत नीमनवर पोहोचले १०,०००, म्हणजे १ मिलिमीटरची काळी रेघ. त्या परतीच्या रेघेखाली त्याने थंडीचे आकडे दिले, ते रेओम्यूर या जुन्या तापमान-मापात. उणे ३० रेओम्यूर म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये उणे ३७.५. त्या चित्रात एकही सैनिक नाही, तोफ नाही, झेंडा नाही.

माझ्या दृष्टीने मिनारची खरी थोरवी मात्र दुसरीकडे आहे. मुख्य सैन्यापासून वेगळ्या झालेल्या दोन तुकड्या आपण सैन्यासोबतच चालल्या असं धरलंय, हे त्याने तक्त्यावरच लिहून ठेवलं. आकडे कुणाकुणाच्या लिखाणातून घेतले तेही तिथेच लिहिलं. चित्र सोपं व्हावं म्हणून त्याने काहीतरी गृहीत धरलं आणि वाचकाला ते सांगितलं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आपल्याला हेच करायचंय.

पायरी दुसरी: कागदांची वही

चित्र काढायचं सॉफ्टवेअर इतक्यात उघडू नका. आधी एक तक्ता करा, वहीत केला तरी चालेल. त्यात पाच रकाने असू द्या: काय घडलं, कागदात तारीख जशी लिहिलीय तशीच, कागद कोणाचा, घटनेनंतर किती काळाने लिहिलेला, आणि खात्री. खात्रीसाठी मी तीन अक्षरं वापरतो. अ म्हणजे प्रत्यक्ष हजर असलेल्याने त्या दिवसांत लिहिलेलं, ब म्हणजे ऐकून पण जवळच्या काळात लिहिलेलं, क म्हणजे फार नंतरचं.

वसई मोहिमेबद्दल आपलं नशीब चांगलं आहे. पेशवे दफ्तरातली या मोहिमेची पत्रं गो. स. सरदेसाईंच्या देखरेखीखाली १९३० च्या दशकात छापून आली. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८२ चं आहे. गावांची जुनी नावं, बंदरं आणि खाड्या यांसाठी ते अजूनही कामाला येतं, पण लढाईच्या वर्णनाला मी त्यातून क च देतो, कारण तेव्हा घटनेला जवळपास दीडशे वर्षं होऊन गेली होती. घराबाहेर पडायचं असेल तर १८९३ मध्ये सुरू झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथे शांतपणे बसून टिपणं काढता येतात. पत्रं वाचताना जागांची नावं वेगळ्या रंगात अधोरेखित करत जा, नकाशाच्या वेळी तोच रंग शोधायचाय.

तक्त्यात नसलेली कोणतीही गोष्ट चित्रात येणार नाही, हा नियम स्वतःला घाला. हौसेने काढलेलं होडकंसुद्धा नाही.

तारखांचा गुंता

इथे भलेभले फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

वसईच्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ आहे आणि काहींत १६ मे १७३९. दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगिजांनी सुधारित कालगणना, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर, १५८२ मध्येच स्वीकारली होती. इंग्रजांनी ती सप्टेंबर १७५२ मध्ये स्वीकारली, आणि आपल्याकडे जुन्या तिथ्यांचं रूपांतर करताना १७५२ पूर्वीच्या तारखा बहुतेकदा इंग्रजांच्या जुन्या पद्धतीनेच दिल्या जातात. अठराव्या शतकात या दोन पद्धतींत ११ दिवसांचं अंतर होतं. सतराव्या शतकातल्या, म्हणजे शिवकाळातल्या तारखांना ते १० दिवस धरावं लागतं.

काळपट्टीत हे दोन प्रकार मिसळले की काय होतं बघा. समजा ठाण्याची बातमी गोव्याला तीन दिवसांत पोहोचली. घटना जुन्या पद्धतीने टाकली आणि गोव्याच्या पत्रावरची तारीख जशीच्या तशी टाकली, तर चित्रात बातमीला चौदा दिवस लागलेले दिसतील. मग कुणीतरी त्यावरून पोर्तुगिजांच्या ढिलाईचा सिद्धांत मांडेल. म्हणून सगळ्या तारखा एकाच पद्धतीत आणा आणि कोणती पद्धत ते चित्राच्या खाली बारीक अक्षरात लिहा.

मराठी पत्रांत आणखी एक गणना भेटते, ती अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरू नका. तिसा म्हणजे ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००, मिळून ११३९. हे वर्ष मृग नक्षत्राबरोबर, जूनच्या सुरुवातीला बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या घटनेला त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधल्या घटनेला ६००. वसई मे महिन्यात पडली, म्हणून ११३९ अधिक ६०० बरोबर १७३९. शकाचं सोपं आहे: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, त्यानंतर ७९.

आणि तिथी मात्र खोडू नका. रूपांतर झालं तरी मूळ तिथी तक्त्यात राहू द्या. का, ते पुढच्याच पायरीत कळेल.

पायरी तिसरी: आधी पाणी

आजचा ठाण्याचा नकाशा १७३७ ला चालत नाही. १८५४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून कल्याणला गेली, त्यानंतर पूल झाले, भराव पडले, मिठागरं आली नि गेली, आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर खाडीच्या पूर्वेला अख्खं शहर उभं राहिलं. ऐरोली, वाशी, बेलापूरचा किनारा आज जसा दिसतो तसा चिमाजी अप्पांच्या काळात नव्हता. तेव्हा पहिलं काम म्हणजे जुना किनारा काढणं.

यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जुन्या छापील नकाशाचं स्कॅन मिळवा, जितकं जुनं तितकं बरं. त्यातल्या ‘जिओरेफरन्सर’मध्ये तो उघडा आणि जुन्या नकाशावरचे बिंदू आजच्या नकाशावर टाचत जा. बिंदू न हललेल्या गोष्टींचे हवेत. ठाण्याच्या किल्ल्याचे बुरूज घ्या, उपग्रहचित्रात त्यांचे टोकदार कोन आजही ओळखू येतात. मासुंदा तलावाजवळचं जुनं चर्च, घोडबंदरचा किल्ला, पारसिकच्या डोंगराचे माथे, वसई किल्ल्याचे दोन्ही दरवाजे हेही चालतील. नदीचा काठ, खाडीचं तोंड, रस्त्याचं वळण घेऊ नका, ते सरकतात. आठ बिंदू टाचा आणि दोन बाजूला ठेवा. नकाशा बसवून झाल्यावर त्या दोघांवर तपासा. ते चुकीच्या जागी पडले, तर जुना नकाशा किती भरवशाचा आहे ते तुम्हाला कळलं. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ नावाचा पर्याय नकाशा हवा तसा वाकवून प्रत्येक बिंदू अचूक बसवतो. तो मोहात पाडतो, पण त्यामुळे चूक नाहीशी होत नाही, फक्त झाकली जाते. सुरुवातीला ‘पॉलिनोमियल’ हा साधा पर्याय वापरा. ठाण्यासाठी प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर घ्या, म्हणजे अंतरं थेट मीटरमध्ये मोजता येतात.

एक सूचना. जुन्या काळाच्या नकाशात आजच्या ओळखीच्या इमारती नकळत शिरतात. कौपीनेश्वराचं आजचं मंदिर १७६० चं आहे, ते १७३७ च्या नकाशात शिखरासकट काढलं तर चूक. वाचकाला ठिकाण कळावं म्हणून आजची खूण द्यायचीच असेल, तर ती फिकट राखाडी रंगात द्या आणि ‘आज’ असा शब्द जोडा.

किनारा झाला की भरती-ओहोटी. इथे तिथी कामाला येते. कोकणातला जुना आडाखा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला भरती पूर्ण आणि साधारण सहा तासांनी, साडेदहाच्या आगेमागे, पाणी सर्वांत खाली. खाडीच्या आत, ठाण्यापर्यंत, हे सगळं थोडं उशिरा पोहोचतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. त्या चेंदणीच्या काकांनी मला हा हिशेब बोटांवर करून दाखवला आणि नंतर मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहायला लावला. अर्ध्या तासाच्या आत जुळला.

आता विचार करा. पत्रात तिथी आहे, प्रहर आहे, तर खाडीत त्या वेळी पाणी होतं की गाळ होता, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता. होड्या लागल्या असतील की नाही, किनाऱ्यापासून किती लांब उतरावं लागलं असेल, हे सगळं यातून उलगडतं. म्हणून नकाशात मी पाण्याच्या दोन रेषा काढतो: भरतीची सलग आणि ओहोटीची ठिपक्यांची. मधल्या पट्ट्याला गाळाचा मातकट रंग. ठाण्याच्या चित्रात हा मातकट पट्टाच नायक आहे. तो नीट आला की अर्ध्या प्रश्नाचं उत्तर वाचकाला शब्दांवाचून मिळतं.

पायरी चौथी: बाण

बाण हे विधान आहे. ‘हे सैन्य इथून निघालं, या वाटेने गेलं, इथे पोहोचलं’ अशी तीन विधानं एका बाणात असतात. तक्ता पुढ्यात घ्या आणि तिन्हींची खात्री तपासा. निघाल्याची जागा अ असेल आणि वाट क असेल, तर बाणाचं बूड ठसठशीत ठेवा आणि मधला भाग तुटक करा. सलग रेषा म्हणजे कागदाचा आधार, तुटक म्हणजे भूगोलावरून बांधलेला अंदाज, हे सूचीत लिहा.

बाणाची जाडी संख्येला बांधली असेल तरच ती बदला. नाहीतर सगळे बाण एकाच जाडीचे. चुकूनही एक बाण भव्य आणि दुसरा किरकोळ काढू नका, वाचक त्यातून सैन्याचा आकार वाचतो.

रंगांबाबत माझं मत ठाम आहे. आजच्या लष्करी नकाशांत नाटोच्या पद्धतीने आपली तुकडी निळ्या आयतात आणि शत्रूची लाल चौकटीच्या हिऱ्यात दाखवतात. तो नकाशा लढणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतो, त्याला आपलं-परकं एका नजरेत कळायला हवं. इतिहासाच्या चित्रात रंग सैन्याला द्या, शत्रुत्वाला नको. मराठ्यांना भगवा, पोर्तुगिजांना निळा, इंग्रजांना गडद तपकिरी असं एकदा ठरवलं की तिन्ही लढायांत तेच. ठाण्यासाठी मी आता १७३७, १७३८ आणि १७७४ असे तीन छोटे नकाशे एकाच प्रमाणात, एकाच किनाऱ्यावर शेजारी शेजारी ठेवतो. पहिल्यात भगवा बाहेरून आत येतो. पुढच्या दोन्हींत तो आत आहे आणि दुसरे रंग त्याच्यावर चालून येतात. एकाच नकाशात तिन्ही कोंबले असते तर बाणांचं जाळं झालं असतं. काही वाचकांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यामुळे ही जोडी टाळा.

आकडे: वर्तुळाचा सापळा

वसईच्या वेढ्यातल्या हानीसाठी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने दिलेले आकडे घ्या: पोर्तुगिजांचे मृत आणि जखमी मिळून ८००, मराठ्यांचे ५,००० च्या वर. दोन वर्तुळं काढायची आहेत. ५,००० ला ८०० ने भागलं तर सव्वासहा. नवशिका आर्टिस्ट मोठ्या वर्तुळाची त्रिज्या सव्वासहापट करतो. झालं, चूक इथेच. डोळा त्रिज्या पाहत नाही, क्षेत्रफळ पाहतो, आणि क्षेत्रफळ आता एकोणचाळीसपट झालंय. बरोबर रीत म्हणजे सव्वासहाचं वर्गमूळ, अडीच. लहान वर्तुळाची त्रिज्या १ सेंटिमीटर, तर मोठ्याची अडीच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे पाकळ्यांचे आलेख केले, तिथेही आकडा पाकळीच्या क्षेत्रफळात आहे, लांबीत नाही.

मला विचाराल तर इथे वर्तुळ नकोच. व्हिएन्नात ऑटो नॉयराथने १९२० च्या दशकात जी चित्रभाषा घडवली, तिचा नियम वापरा: संख्या वाढली की चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हं जास्त काढायची. एक आकृती म्हणजे १०० माणसं. पोर्तुगिजांच्या ८, मराठ्यांच्या ५०. वाचक मोजू शकतो. आणि ‘५,००० च्या वर’ मधला ‘वर’ विसरू नका. पन्नासाव्या आकृतीपुढे दोन-तीन आकृत्या नुसत्या कडेच्या रेषेत काढा, आत रंग नको. मृत आणि जखमी एकत्र आहेत हे शीर्षकातच यायला हवं. ‘पाच हजार धारातीर्थी’ असं लिहून मोकळं होणं सोपं आहे, पण कागद तसं म्हणत नाही.

पायरी पाचवी: देवनागरीचा नकाशा

नकाशाशास्त्राची बहुतेक पुस्तकं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. त्यांतले दोन सल्ले आपल्याकडे चालत नाहीत. पहिला, प्रदेशाचं नाव अक्षरांत मोकळी जागा सोडत लांबवर पसरवायचं. ‘साष्टी’ असं पसरवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्याऐवजी आकार वाढवा आणि रंग फिका करा. दुसरा, नदीचं नाव तिच्या वळणावर वाकवून लिहायचं. हलक्या वळणावर ठीक, पण कडक वळणावर शिरोरेषेला खाचा पडतात आणि मात्रा एकमेकींवर चढतात. ‘उल्हास नदी’ हे नाव मी नदीच्या सरळ तुकड्यावरच ठेवतो किंवा आडवं लिहून बारीक रेघेने जोडतो.

ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वर वेलांटी आणि खाली उकार यांना जागा लागते. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत टंक लहान आकारात चांगले वाचता येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. ही सोय असलेल्या टंकात मग आपला पाकळीचा ल आणि शेंडीचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. ज्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्याने आपल्या आजोबांना दोन्ही दाखवून विचारावं. जुनं इलस्ट्रेटर वापरत असाल तर भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू केलाय का बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतील आणि रात्री बाराला, पान सोडताना, ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

गावांची नावं त्या काळातली द्या आणि आजची कंसात: साष्टी, वसई, ठाणं यांना गरज नाही, पण विस्मरणात गेलेल्या बंदरांना आहे.

पायरी सहावी: रेखाटन

नकाशासोबत एखादं दृश्य हवं असा आग्रह संपादकांचा असतो, आणि वाचकांनाही ते आवडतं. काढा, पण सांभाळून. १८४२ मध्ये लंडनमध्ये सचित्र साप्ताहिक सुरू झालं तेव्हापासून हा प्रश्न आहे. युद्धभूमीवरचा चित्रकार घाईत पेन्सिलीने खरडायचा, ते टपालाने जायचं, आणि लंडनमधले कारागीर लाकडी ठोकळ्यांवर कोरताना त्यात धूर, घोडे, आवेश भरायचे. वाचकाला वाटायचं, असंच घडलं.

आपणही तेच करतो, फक्त ठोकळ्याऐवजी टॅब्लेट असतो. म्हणून रेखाटनाआधी वस्तूंची यादी करा: हत्यार, पोशाख, होडी, तट, उजेड. प्रत्येकीपुढे आधार लिहा. रात्रीचा प्रसंग असेल तर तिथीवरून चांदणं होतं का ते बघा. शुद्ध षष्ठीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यानंतर अंधार. किल्ला अर्धवट होता हे पक्कं आहे, तेव्हा तट पूर्ण काढला तर सगळी गोष्टच खोटी ठरते. तो कुठे किती उंच होता हे ठाऊक नसलं, तर त्या बाजूने दृश्य काढूच नका. कोन बदला, खाडीतून दिसणारी काळी आकृती काढा. चेहरे सूचक ठेवा. आणि चित्राला टेकून ‘कल्पनेने केलेलं रेखाटन’ हे शब्द यायलाच हवेत, पानाच्या तळाशी नाही.

सुरुंगाचा छेद काढताना बोगद्याची लांबी-रुंदी कागदात नसेल तर ‘प्रमाणात नाही’ एवढं लिहा. दोन शब्दांनी प्रामाणिकपणा राहतो.

पान सोडण्यापूर्वी

वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते. बारीक पांढरी अक्षरं गडद पट्टीवर ठेवली तर त्यांतल्या मात्रा भरून जातात. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांच्या मिश्रणात नको. प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला सावली येते. त्यानंतर तेच चित्र मोबाइलवर ३६० पिक्सेल रुंदीला उघडा. नावं वाचता येत नसतील तर ते आडवं चित्र उभं करून तीन तुकड्यांत पुन्हा मांडावं लागेल, लहान करून भागत नाही.

प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, तारखांची पद्धत, सलग-तुटक रेषांचा अर्थ, आधाराची ओळ: या पाच गोष्टी आहेत का ते पाहा. भारताचा नकाशा कोपऱ्यात देत असाल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हवी, हा कायद्याचा भाग आहे. आणि विषय आजच्या, चालू कारवाईचा असेल तर एक वेगळीच चाळणी लावा: या चित्रातून आपल्या जवानांची आत्ताची जागा कुणाला कळेल का? दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर २०१५ पासून नियमाने बंधन आहे. चित्राच्या बाबतीतही मी तीच मर्यादा पाळतो, बातमी एक दिवस उशिरा गेली तरी.

शेवटी ज्याला ही लढाई माहीत नाही अशा माणसाला चित्र दाखवा आणि स्वतः गप्प बसा. त्याला पहिल्या पायरीतला प्रश्न विचारा. त्याने चित्रावर बोट ठेवून उत्तर दिलं तर छापा. त्याने मथळा वाचून उत्तर दिलं तर चित्र अजून झालेलं नाही.

छापून आल्यावर कागदांचा तो पाच रकान्यांचा तक्ता चित्राच्या फाइलसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवा. ठाण्याचं चित्र मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा मातकट पट्टा, तुटक बाण आणि तीन छोटे नकाशे घेऊन आधी चेंदणीला गेलो होतो. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग खाडीच्या एका वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हितं गाळ थोडा जास्त घ्या, हितं उतार उशिरा लागतो.” मी तक्त्यात नवी ओळ लिहिली, खात्रीच्या रकान्यात क टाकला आणि पट्टा तीन मिलिमीटर रुंद केला.